घटस्फोटाचा खर्च किती धरायचा?

प्रश्न: ताई, २ वर्षं झाली मी मुलीला घेऊन सांगलीत माहेरी आहे, नवरा पुण्यात. आता दोघांनाही वेगळंच व्हायचंय, भांडण फारसं नाही. मी कापड दुकानात काम करते, पगार १४ हजार. एका वकिलांनी फी तर सांगितलीच, वर जी रक्कम मिळेल त्यातले १० टक्के द्यावे लागतील म्हणाले. एकूण किती पैसे बाजूला काढून ठेवू?

उत्तर: आधी त्या १० टक्क्यांचं बोलते कारण ते वाचून मला खरंच राग आला. निकालात मिळणाऱ्या पैशात वाटा मागणं बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, नियमात बसत नाही, सरळ नाही म्हणा. फी ठोक किती, की दर तारखेला वेगळी, टायपिंग-नोटरी त्यात धरलंय का हे सगळं आधीच लिहून घ्या आणि प्रत्येक वेळी पावती मागा.

कोर्ट फीची काळजी सोडा, महाराष्ट्रात १९९४ पासून घटस्फोट आणि पोटगीच्या केसमध्ये बायकांना ती माफ आहे. वकिलाचंही तसंच, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे बाईला उत्पन्न कितीही असो मोफत वकील मिळू शकतो.

खरा पैसा जातो तो तारखांमध्ये. समजा केस पुण्यात चालली आणि १० वेळा जावं लागलं, जाण्यायेण्याचे ६०० आणि बुडालेल्या दिवसाचे ५०० धरा, झाले ११ हजार, म्हणजे तुमचा महिन्याचा पगारच की जवळजवळ. म्हणून अर्ज सांगलीतच करा, बायको राहते तिथे तिला हिंदू विवाह कायद्याखाली अर्ज करता येतो. संमतीने केलं तर तारखा मोजक्याच पडतात, अर्ज आणि शेवटचा जबाब यांच्यामध्ये ६ महिने थांबायचं असतं पण २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर योग्य केसमध्ये कोर्ट तेही माफ करू शकतं.

आणि सगळ्यात मोठा आकडा कोर्टाबाहेरचा आहे हो. आजच वही घ्या आणि महिन्याचं लिहून काढा, दूध, किराणा, गॅस, मुलीची शाळेची फी, रिक्षा, औषधं, उद्या वेगळी खोली घेतली तर डिपॉझिट आणि भाडं. नवऱ्याकडून घ्यायची रक्कम ठरवताना हाच हिशोब समोर ठेवायचा. बऱ्याच बायका "लवकर सुटू दे एकदाचं" म्हणून मिळेल त्यावर सही करतात, तसं करू नका. मुलीचा खर्च संमतीपत्रात वेगळा लिहून घ्या, तो तुम्ही सोडून दिला तरी तिचा हक्क जात नाही. तुमच्या एकरकमी पैशाचा डीडी शेवटच्या जबाबाच्या दिवशी कोर्टातच हातात घ्या, नंतर देतो यावर विसंबू नका. स्त्रीधनाची, म्हणजे लग्नात तुम्हाला मिळालेल्या दागिन्यांची-वस्तूंची, यादीही त्याच संमतीपत्रात हवी.

मोफत वकिलासाठी सांगलीच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, आधार कार्ड, लग्नाचा पुरावा आणि ती वही सोबत असू द्या.