घरगुती मसाला ऑनलाइन विकायला जीएसटी नंबर लागतोच का? 40 लाखांपर्यंत सूट आहे ना?

तुम्ही लिहिलंय की आई गडहिंग्लजला घरी कांदा-लसूण मसाला आणि चटण्या करतात, वर्षाची विक्री चार-पाच लाखांच्या वर जात नाही, आता ऑनलाइन टाकायचंय, पण एक जण म्हणतो जीएसटीशिवाय जमणारच नाही आणि दुसरा म्हणतो 40 लाखांपर्यंत काहीच लागत नाही. दोघंही अर्धंच सांगतायत. मी कोल्हापूर जिल्ह्यातच जीएसटी रिटर्नची कामं करतो आणि हा प्रश्न घेऊन येणाऱ्या बहुतेक घरगुती धंदा करणाऱ्या बायकाच असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

40 लाखांची मर्यादा खरी आहे, माल विकणाऱ्यांना महाराष्ट्रात 1 एप्रिल 2019 पासून तीच लागू आहे. पण आधी ती राज्यातल्या राज्यात, प्लॅटफॉर्मशिवाय थेट विकणाऱ्यासाठीच होती. 2017 च्या जीएसटी कायद्यात कलम 24 आहे, त्यात ई-कॉमर्स प्लॅटफॉर्मवरून माल विकणाऱ्याला ही मर्यादाच नव्हती, पहिल्या रुपयापासून नंबर घ्यायचा. म्हणजे आठवडी बाजारात बसून विकलं तर सूट आणि तोच मसाला ॲपवरून गेला तर नोंदणी सक्तीची. सहा वर्षं हे असंच चाललं. सेवा देणाऱ्यांना 2017 च्या नोव्हेंबरातच प्लॅटफॉर्मवर 20 लाखांपर्यंत मोकळीक मिळाली होती, माल विकणाऱ्यांना मात्र थेट 1 ऑक्टोबर 2023 ला.

तेव्हापासून नियम असा आहे की तुमची विक्री मर्यादेच्या आत असेल आणि माल फक्त आपल्याच राज्यात जात असेल तर जीएसटी नंबर नको. पॅन लागतं, जीएसटी पोर्टलवर पॅन आणि पत्ता देऊन एनरोलमेंट नंबर घ्यायचा, तो प्लॅटफॉर्मला द्यायचा. त्यावर रिटर्न नाही, काही नाही. मीशो या ऑनलाइन विक्रीच्या ॲपने असे विक्रेते घ्यायला सुरुवात केली, काही प्लॅटफॉर्म अजूनही जीएसटी नंबरच मागतात, तो त्यांचा निर्णय आहे, कायदा अडवत नाही.

आता खरी अडचण. राज्याबाहेर एक पाकीट जरी गेलं तरी ही सूट संपली. आणि हे फक्त ॲपपुरतं नाही बरं का, व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेऊन कुरियरने पाठवलं तरी तेच, हे लोकांना माहीतच नसतं. नोंदणी न घेता असं विकताना सापडलं तर दंड 10,000 रुपये किंवा बुडालेला कर, यातलं जे जास्त असेल ते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना थोडी सवलत आहे, मसाल्याला नाही.

मला या नियमाचा मनापासून राग येतो आणि तो का येतो ते गडहिंग्लजच्या माणसाला समजावून सांगायला नको. बेळगाव तुमच्यापासून तास-दीड तासावर, तिथे आपलीच पाहुणेमंडळी, आपल्याच चवीचं जेवण, तुमच्या मसाल्याचं पहिलं गिऱ्हाईक तिथलंच असणार. पण गोंदियाला पाठवलं तर नंबर नको आणि बेळगावला पाठवलं तर हवा! तेच गिऱ्हाईक एसटीने येऊन तुमच्या दारातून दोन किलो घेऊन गेलं तर ती राज्यातली विक्री, कुरियरने गेलं की आंतरराज्य. सावंतवाडीवाल्यांचं गोव्याशी तसंच. बरं, तुमच्याच गल्लीतली एखादी मुलगी घरी बसून बेळगावच्या पोरांना ऑनलाइन क्लास घेत असेल तर तिला 20 लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, कारण सेवेला आंतरराज्य सूट आहे. मग मिरची कांडून पोट भरणाऱ्या बाईलाच का नाही? 20 लाख नको, अगदी 10 लाखांची जरी मर्यादा मालाला दिली तरी सीमाभागातल्या किती बायका सुटतील. कर बुडण्याची भीती म्हणाल तर पॅन, पिनकोड, पैसे सगळं प्लॅटफॉर्मकडे नोंदलेलं असतंच की.

पण नियम बदलेपर्यंत काय करायचं ते सांगतो. आधी मागच्या काही महिन्यांच्या ऑर्डरींचे पत्ते बघा. सगळे पुणे-मुंबई-कोल्हापूर असतील तर एनरोलमेंट नंबर घ्या आणि बिनधास्त सुरू करा. बेळगाव, गोवा, हैदराबाद असं येत असेल तर सरळ नियमित जीएसटी नंबर घ्या. कंपोझिशन, म्हणजे लहान धंद्याने विक्रीवर ठरावीक कमी टक्के कर भरायची योजना, घेऊ नका, कोणी 1 टक्क्याचं आमिष दाखवलं तरी, कारण त्यात राज्याबाहेर विकताच येत नाही.

आणि नंबर घेतला म्हणजे नुकसान असंही नाही. समजा 300 रुपयांचं पाकीट, त्यात 5 टक्के कर म्हणजे 14 रुपये 29 पैसे. प्लॅटफॉर्मचं कमिशन 45 रुपये धरा आणि डिलिव्हरी 60, दोन्हींवर 18 टक्क्यांनी मिळून 18 रुपये 90 पैसे जीएसटी तुम्ही आधीच भरलेला असतो, तो वजा मिळतो. म्हणजे या हिशोबात खिशातून कर जातच नाही, आणि नंबर नसेल तर हेच 18.90 तुमच्या नफ्यातून जातात. प्लॅटफॉर्म तुमच्या विक्रीतून 0.5 टक्के टीसीएस, म्हणजे तुमच्या नावाने आधीच भरायचा जीएसटी, कापतो, तो पोर्टलवर क्लेम करायला विसरू नका, बरेच जण सोडून देतात. आयकराचा टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला आयकर, वेगळा, पण प्लॅटफॉर्मवरची विक्री वर्षाला 5 लाखांच्या आत आणि पॅन दिलेलं असेल तर तो कापत नाहीत.

नोंदणीला सरकारी फी शून्य आहे. लाइट बिल किंवा घरपट्टीची पावती, घर दुसऱ्याच्या नावावर असेल तर संमतीपत्र, आईंचं पॅन-आधार, फोटो, बँक खातं, एवढं पुरतं. धंदा आईंचा आहे तर पॅन आईंचंच लावा, तुमचं नको.

जीएसटीच्या नादात लोक फूड लायसन्स विसरतात. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी पहिल्या दिवसापासून लागते, लहान धंद्याला त्याचा खर्च अगदी कमी आहे, आणि तो 14 अंकी नंबर पाकिटावर छापायचा. वजन, एमआरपी, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन हे लेबलवर हवंच आणि ॲपवरच्या लिस्टिंगमध्येही हवं. प्लॅटफॉर्मवाल्यांनी माल त्यांच्या गोदामात ठेवायला सांगितलं तर गोदाम कुठल्या राज्यात आहे ते आधी विचारा. भिवंडी असेल तर तुमच्याच नंबरात तो पत्ता जोडता येतो, बेंगळुरू असेल तर कर्नाटकाचा वेगळा नंबर लागेल.

शेवटचं म्हणजे नंबर घेऊन धंदा थांबला तर तो तसाच सोडू नका. विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावंच लागतं, उशीर झाला की दिवसाला 20 रुपये लागतात. त्यापेक्षा नंबर रद्द करायचा अर्ज द्या, आणि रद्द झाल्यावर 3 महिन्यांत जीएसटीआर-10 हे शेवटचं रिटर्न भरा.