वाचक विचारतात: होडीची साल निघतेय

प्रश्न: इंदिरानगरला घरच्या गॅरेजमध्ये बारा फुटी होडी बांधतोय. 6 मिमी मरीन प्लाय तांब्याच्या तारेने शिवून सांधली. बाहेरून फायबरची मॅट चढवली. ती चिकटवायचं रेझिन (सुकून कडक होणारा पातळ रस) एका टाक्या बनवणाऱ्या ओळखीच्याने दिलं, तेच वापरलं. दोन महिन्यांत तळाशी मॅट पोपड्यासारखी सुटली, मध्ये मध्ये फोडही आलेत. वरून आणखी एक थर मारू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: नका मारू. खरवडा.

राग मानू नका, मी हेच केलं होतं. सातपूरला पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने बनवतात तिथे, 31 वर्षं लाकूड तासलं, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असा माज होता. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला होडी उतरवली आणि तळातून पापड मोडल्यासारखा आवाज आला. सौ. काठावरच थांबल्या होत्या, शहाण्या!

टाक्यांचं रेझिन म्हणजे पॉलिएस्टर. फायबरवर फायबर असेल तर ते उत्तम, पण लाकडात त्याची पकड कच्ची. सुकताना ते आकसतं आणि कडक होतं. प्लाय मात्र ओल धरते, सोडते, थोडीफार हलत राहते. पहिली ओल आत शिरली की साल निघालीच. लाकडाला इपॉक्सीच हवं, ते दुसऱ्या जातीचं रेझिन. महाग आहे, मान्य. आणि इपॉक्सीखाली ती तुकड्यातुकड्यांची मॅट घालू नका. तिचे धागे धरून ठेवणारा चिकटा पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनने विरघळतो, इपॉक्सीत स्टायरिन नसतं, त्यामुळे मॅट नीट भिजून बसत नाही. विणलेलं कापड घ्या, चौरस मीटरला 200 ग्रॅमचं तुमच्या होडीला पुरे.

जुनी मॅट हीट गनने गरम करत पटाशीने उचला, मग 80 नंबरचा पेपर. मास्क लावून. ती धूळ अंगाला लागली की रात्रभर खाजवत बसाल.

फोडांचं कारण वेगळं. तुम्ही बहुतेक सकाळी काम केलंत. ऊन चढतं तशी लाकडातली हवा फुगते आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडे काढत बाहेर येते. दुपारी चारनंतर, गॅरेज निवायला लागलं की पहिला हात द्या, म्हणजे लाकूड रेझिन आत ओढून घेतं. डिसेंबर-जानेवारीत मात्र हात लावू नका. आपल्याकडे पारा दहाच्या खाली गेला की इपॉक्सी दिवसेंदिवस चिकट राहतं. लवकर सुकावं म्हणून हार्डनर (रेझिन कडक व्हायला त्यात मिसळतात ते) वाढवलात तर आणखी बिघडेल. पॉलिएस्टरसारखं दोन थेंब जास्त इथे चालत नाही, डब्यावर लिहिलेलं प्रमाण वजनकाट्यावर तोलूनच. एका वेळी थोडंच कालवा आणि पसरट ताटलीत ओता, साठून राहिलं की ते आपोआप तापतं. मी प्लास्टिकच्या मगात अर्धा लिटर कालवलं होतं. तो मगच वितळला, गॅरेजभर धूर.

उरलेल्या पॉलिएस्टरसोबत कोबाल्ट (सुकणं वेगाने व्हायला घालतात ते) आणि हार्डनरच्या बाटल्या असतील, तर त्या वेगळ्या ठेवा. ते दोन्ही थेट एकत्र आले तर स्फोट होतो.

पण हे सगळं करण्याआधी एक काम. प्लायवर आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का आहे का बघा. शिक्क्यावरही माझा फारसा विश्वास नाही. त्या दर्जाची प्लाय 72 तास उकळून तपासतात. घरी एवढा गॅस कोण जाळणार! उरलेला तुकडा चारेक तास उकळा. थर सुटले, तर खरवडण्याचे कष्ट घेऊ नका, नवी प्लाय आणा.