सफाईचं कंत्राट देताना

प्रश्न : केंद्र सरकारच्या आमच्या कार्यालयात सफाई आणि पहारा बाहेरच्या एजन्सीला द्यायचं ठरतंय. हे नियमात बसतं का?

उत्तर : बसतं. सामान्य वित्तीय नियम २०१७ प्रमाणे काटकसर आणि कार्यक्षमता यांसाठी अशा सेवा बाहेरून घेता येतात; कारण मात्र आधी फाइलवर यायला हवं. अंदाजित खर्च १० लाखांपर्यंत असेल तर किमान तीन पात्र कंत्राटदारांकडून मर्यादित निविदा, त्यापुढे जाहीर निविदा. सेवा जेम (सरकारी खरेदीच्या ऑनलाइन) पोर्टलवर असल्यास तिथूनच घ्या.

घोळ होतो तो निविदेच्या मसुद्यात. 'सफाई कामगार ८' एवढंच लिहिलं की डोकी मोजली जातात, काम नाही. किती चौरस फूट, दिवसातून किती वेळा, फिनेल-झाडू कोणाचे, कसूर झाल्यास दंड किती, हे सगळं लिहा. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) धरून येणाऱ्या रकमेपेक्षा कमी दर आला तर तो नाकाराच. ती तूट कामगाराच्या पगारातूनच कापली जाते.

बिल मंजूर करण्याआधी बँकेत पगार जमा झाल्याचा पुरावा आणि निधी-विमा भरल्याच्या चलनासोबतची कामगारांच्या नावांची यादी हजेरीपटाशी ताडून पाहा. कंत्राटदाराने वेतन थकवलं तर मूळ नियोक्ता (ज्याच्यासाठी काम होतं तो) म्हणून ते कार्यालयालाच द्यावं लागतं, कंत्राटदाराकडून वसुली नंतर.

आणि कामगारांची रजा, बदली, शिस्त तुमच्या अधिकाऱ्यांनी हाताळू नये. त्यातून कंत्राट नुसता देखावा ठरलं तर कामगार थेट मूळ नियोक्त्याचेच मानले जातात, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्टील ऑथॉरिटी या सरकारी पोलाद कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे.