इंडक्शनच्या सिद्धतेत (विधान न = १ ला तपासायचं, मग न = क ला खरं मानून न = क+१ लाही खरं ठरतं हे दाखवायचं) क+१ च्या पायरीवर बीजगणित अडकतं, ते सोपं कसं करायचं?

तुमचं उदाहरण १² + २² + … + न² = न(न+१)(२न+१)/६ हे आहे. न = १ तपासलंत, न = क साठी विधान खरं मानलंत, (क+१)² मिळवून सगळे कंस सोडवलेत आणि (२क³ + ९क² + १३क + ६)/६ इथे गाडी अडली. इथवर चूक काहीच नाही. कंस सोडवायची घाई तेवढी झाली.

आधी कच्च्या कागदावर कुठे पोचायचंय ते लिहा. न च्या जागी कंसासकट (क+१) ठेवा: (क+१)(क+२)(२क+३)/६. शेवटचा अवयव २(क+१)+१ आहे. कंस विसरलात तर २क+२ येईल आणि पुढचं सगळं बरोबर करूनही उत्तर जुळणार नाही.

आता हातात आहे

क(क+१)(२क+१)/६ + (क+१)²

पोचायच्या ठिकाणी (क+१) आहे, छेदात ६ आहे. इथेही दोन्ही दिसतायत, मग मोडायचे कशाला? (क+१)/६ सामाईक काढा:

(क+१)/६ × [क(२क+१) + ६(क+१)]

बहुतेकांचा घोळ याच ओळीत होतो. (क+१)² ला छेद नव्हता, म्हणून १/६ बाहेर काढल्यावर आत ६ यायलाच हवा. शिवाय वर्गातला एकच (क+१) बाहेर गेलाय, दुसरा आत राहतो. कंसात उरतं २क² + ७क + ६. ७क ची फोड ४क + ३क केली की (क+२)(२क+३). खरं तर फोड शोधायचीही गरज नाही. कोणते अवयव यायला हवेत ते वर लिहिलेलंच आहे, गुणून पाहा.

नाही जुळलं तर प्रत्येक ओळीत क = २ घाला. सगळीकडे ५ + ९ = १४ यायला हवेत. जिथे पहिल्यांदा वेगळा आकडा येईल, तिथेच चूक झाली.

तुमची ती घनपदी, म्हणजे क³ असलेली राशी २क³ + ९क² + १३क + ६, हीही वाया गेलेली नाही. क = −१ घातल्यावर −२ + ९ − १३ + ६ = ० येतं, म्हणजे (क+१) हा अवयव आहे; भागाकार करा. किंवा अपेक्षित उत्तराचा वेगळा विस्तार करून तीच घनपदी येते हे दाखवा. दिसायला ओबडधोबड, पण सिद्धता पक्की. फक्त जे सिद्ध करायचंय तेच पहिल्या ओळीत खरं धरून सुरुवात करू नका.

घातांकांत एक सापळा असतो: २^क + २^क म्हणजे २^(क+१), ४^क नव्हे.

विभाज्यतेच्या गणितात मात्र सामाईक अवयव आयता मिळत नाही, गृहीत धरलेली राशी मुद्दाम आणावी लागते. ४^न + १५न − १ ला ९ ने भाग जातो हे दाखवायचं असेल तर क+१ ची राशी अशी लिहा:

४(४^क + १५क − १) − ४५क + १८

पहिल्या कंसाला गृहीतकामुळे ९ ने भाग जातो आणि उरलेलं ९(२ − ५क) आहे. −४५क कुठून आलं? चौपटीत ६०क झाले, हवे होते १५क.