बुअखलवर एकटी जाणारेस ना, मग हे वाच

अगं,

तुझा मेसेज रात्री उशिरा वाचला. "मावशी, शनिवारी बुअखलला एकटीच जातेय, काही टिप्स असतील तर दे ना." म्हटलं दोन ओळी टाकू, तर लिहिता लिहिता कळलं की दोन ओळींत हे मावत नाही, त्यामुळे आता चहा घेऊन बस आणि सावकाश वाच.

जाऊ नको असं मी म्हणणार नाहीये. तुझ्या आईने फोन करून मला नेमकं तेच सांगायला सांगितलंय, पण मी तिला सांगितलं की पोरगी जाणारच आहे तर निदान नीट तयारीने जाऊ दे. आपल्या स्कॉटलंडचा हा डोंगर, ऑक्टोबरातला बुअखल, बघायलाच हवा. मिजेस म्हणजे ती चावरी चिलटं संपलेली असतात, गवत असं काही तांबूस केशरी झालेलं असतं की दिवाळीनंतरचा सह्याद्री आठवतो, फक्त इथे ते ओलं असतं, आणि गर्दी उन्हाळ्याच्या मानाने खूप कमी. बुअखलचा अर्थ माहितीय ना? गेलिकमध्ये गुराखी. बुअखल एटिव्ह मोर म्हणजे एटिव्हचा मोठा गुराखी, आणि शेजारी धाकटा गुराखी पण आहे, बुअखल एटिव्ह बेग. मला फार आवडतं हे, एवढा दांडगा डोंगर आणि नाव गुराख्याचं.

आता तुझ्या मेसेजमधलं ते वाक्य, "१०२१ मीटरच तर आहे, कळसूबाई १६४६ आहे आणि ती मी दोनदा केलीय." हिशोब बरोबर आहे तुझा. अख्ख्या ब्रिटनमधला सगळ्यात उंच बेन नेव्हिस पण १३४५, म्हणजे कळसूबाईपुढे तोही बुटकाच. मी पण इथे आले तेव्हा हेच गणित डोक्यात घेऊन फिरायचे आणि लोकांना मन्रोचं एवढं काय कौतुक असतं म्हणून हसायचे (स्कॉटलंडमधले ३००० फुटांवरचे डोंगर ते मन्रो, एकूण २८२, तुझ्या रिजवर त्यातले दोन आहेत). पण तू ५६ अंश उत्तरेला आहेस आणि वारा थेट अटलांटिकवरून येतो. खाली पार्किंगमध्ये ९ डिग्री असेल तर वर धारेवर २ असतं, त्यात ताशी ३५ मैलांचा वारा धर की अंगाला ते उणे ५-६ लागतं, वर पाऊस असेल तर विचारूच नको. आपल्याकडे ट्रेकला ऊन आणि पाणी सांभाळायचं असतं, इथे कोरडं राहणं सांभाळायचं. आणि अजून एक, आपल्याकडे वाट चुकली तर उतरत राहायचं, कुठे ना कुठे वाडी लागते, कुणीतरी कुठनं आलात पाव्हणं म्हणून तांब्याभर पाणी देतं. इथे न बघता उतरत राहिलीस तर खाली कडा लागतो, नाहीतर मैलोन् मैल चिखल.

रूट तू बघितलाच असशील, तरी माझ्या शब्दांत. ए८२ रस्त्यावर आल्टनाफीला गाडी लावायची, जागा थोडीच आहे, पटकन भरते. पूल ओलांडून लागनगार्वच्या त्या पांढऱ्या घरावरून कोरी ना तुलिखमध्ये शिरायचं, कोरी म्हणजे डोंगराच्या कुशीतली ती वाटीसारखी जागा. वर वर घळ अरुंद होत जाते, पायाखाली मुरूम घसरतो, थोडे हात लावावे लागतात पण वासोट्या-बिसोट्याला गेलेल्या मुलीला त्याचं काही वाटणार नाही. माथ्यावर खिंड लागली की डावीकडे स्टॉब जेरग, मुख्य शिखर. तिथून तीच वाट परत खिंडीपर्यंत आणि मग पुढे धारेने स्टॉब ना डोअर, मग मोठा उतार, मग स्टॉब कोरी आल्ट्रम, आणि टोकाला स्टॉब ना ब्रोग, जिथून खाली लॉख एटिव्हचं पाणी लांबच लांब दिसतं. तिथून मागे फिरून, डोअर आणि आल्ट्रमच्या मधल्या खिंडीतून उत्तरेला लारिग गार्टनच्या दरीत उतरायचं आणि दरीतून रस्त्याला. साधारण १३ किमी आणि ११०० मीटर चढ.

आता वेळेचं. इथे नेस्मिथचा नियम सगळे वापरतात, १८९२ चा आहे, ५ किमीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला अजून एक तास. तो लावलास तर साडेचार तास येतात आणि तू खूश होशील. होऊ नकोस. त्यात थांबणं नाही, फोटो नाहीत, घसरडी वाट नाही, शेवटच्या दरीतला चिखल नाही. सात ते नऊ तास धर. शनिवारी सूर्य आठच्या सुमारास उगवेल आणि सव्वासहाच्या आसपास मावळेल, म्हणजे आठला तू पुलावर हवीस. (आणि हे महिनाअखेरीवर ढकलू नकोस, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि मग पावणेपाचच्या आतच सूर्य गायब.)

मला खरं जे सांगायचंय ते इथे आहे. डोअर उतरलीस की जी खिंड लागते तिथे तुझा दिवस ठरतो. समोर आल्ट्रम अगदी जवळ दिसतो, त्याच्या पुढे ब्रोग, दुसरा मन्रो, आणि उजवीकडे खाली जाणारी वाट. तिथे दीडच्या आत पोचलीस आणि ढग वर आहेत तर खुशाल पुढे जा. दीड वाजून गेला असेल तर उजवीकडे वळायचं, विषय संपला. हा दीड तू आज घरी बसून ठरव, कागदावर लिही, मला पाठव. तिथे उभं राहून ठरवायचं नाही, कारण सोबत कुणी असलं की एकजण तरी म्हणतो चल ना आता, भूक लागलीय, आणि एकटं असलं की आपण आपल्यालाच पटवतो आणि आपलं आपल्याला लगेच पटतं.

मला पटलं होतं. माझी पहिली एकटीची बुअखल, नोव्हेंबरचा पहिला आठवडा, म्हणजे घड्याळं मागे गेल्यावर. नवऱ्याला सांगून निघाले होते बेन लोमंड म्हणून, तो दुसराच डोंगर, इथून बराच दक्षिणेला, वाटेत आभाळ बघितलं, उत्तरेला स्वच्छ दिसलं, म्हणून गाडी तशीच पुढे दामटली, आणि त्याला कळवलं नाही कारण रेंज नव्हती आणि खरं सांगायचं तर लक्षातच आलं नाही. स्टॉब जेरगवर थर्मास उघडायला हातमोजे काढले, मांडीवर ठेवले, झाकण फिरवते आहे तोवर वाऱ्याने एक उचलला. तो रानॉक मूरच्या, म्हणजे पूर्वेकडच्या त्या दलदलीच्या माळाच्या दिशेने असा निवांत गेला, पतंग गेल्यासारखा, आणि मी बघत बसले. एक्स्ट्रा जोडी नव्हती. मग बॅगेतला एक्स्ट्रा पायमोजा हातात घातला, त्यात अंगठा वेगळा नसतो, मग ना झिप लागते ना काठी धरता येते, आणि प्रत्येक गोष्टीला दुप्पट वेळ. खिंडीत पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. समोर ब्रोग. म्हटलं इतकं आलोय.

ब्रोगवर तीन वाजले, परत खिंडीत चार, आणि उतरायला लागले तर उजेड जायला लागला होता. त्या उतारावर वरच्या भागात खडकाच्या ओल्या तिरप्या लाद्या आहेत, पाणी सतत झिरपतं त्यावरून, दिवसा दोन मिनिटांचं काम आहे. मी बसून, बुड घासत, एका हाताला पायमोजा, हेडटॉर्चच्या पिवळ्या वर्तुळात फक्त पावसाचे थेंब दिसतायत आणि त्याच्या पलीकडे काही नाही. बॅटरी मागच्या ट्रिपच्याच होत्या. खाली आले तर ओढा. सकाळी लांबून बघितला होता तेव्हा दगडांवरून टुणटुण जाता आलं असतं असा, आता गुडघ्याच्या वर. काठाकाठाने वर चालत गेले, बराच वेळ, जिथे तो फुटून पसरट झालाय तिथे कसाबसा ओलांडला. आणि मग अंधारात दरीतून एक आवाज आला, रेडा रेकावा तसा, खोल, घशातून. मी जागच्या जागी थिजले. लाल हरणाचा नर होता, त्यांचा माजाचा सीझन संपत आला होता, बिचारा एकटाच ओरडत होता. तुला ऑक्टोबरात हे भरपूर ऐकू येईल, घाबरू नकोस, फक्त जवळ जाऊन फोटो काढायच्या फंदात पडू नकोस.

रस्त्याला लागले तेव्हा पावणेआठ. तोवर नवऱ्याने पोलिसांना फोन लावायला घेतला होता, आणि लावला असता तर माउंटन रेस्क्यूच्या लोकांनी, जे सगळे आपापलं काम सोडून फुकट येणारे व्हॉलंटियर असतात, रात्रभर पावसात बेन लोमंड पालथा घातला असता. याची मला अजून लाज वाटते, हातमोजा उडाला त्यापेक्षा कितीतरी जास्त.

म्हणून प्लॅन बदललास तर निघायच्या आधी कळव, रेंज नसेल तर रेंज येईल तिथपर्यंत गाडी मागे ने. मला रूट, गाडीचा नंबर, जाकिटाचा रंग आणि किती वाजेपर्यंत मेसेज आला नाही तर मी फोन करायचा ते पाठव. आणि आत्ताच, हे वाचताना, फोनवरून ९९९ ला रजिस्टर असा इंग्रजीत एसएमएस टाक, उत्तर येईल ते वाचून परत होकार द्यायचा असतो, म्हणजे आवाज पोचत नाही अशा ठिकाणाहूनही पुढे मदतीचा एसएमएस जाऊ शकतो. फोन करता आला तर आधी पोलीस मागायचे आणि मग त्यांना माउंटन रेस्क्यू सांगायचं, थेट रेस्क्यू मागितलं की गोंधळ होतो.

हवामानासाठी फोनमधलं ते ढगाचं चित्र बघू नको, ते शहराचं असतं. माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिसचं वेस्ट हायलँड्सचं पान बघ, त्यात वर वारा किती, चालताना त्याचा त्रास किती होईल, शिखरं ढगाबाहेर असायची शक्यता किती टक्के, शून्य डिग्री किती उंचीवर, सगळं असतं. वाऱ्याचे झोत ताशी ४० मैलांच्या वर असतील तर एकटीने रिजवर नाही. ताजा बर्फ पडून गोठला असेल तर कोरी ना तुलिखमध्ये पाऊलच टाकू नकोस, आइस अ‍ॅक्स आणि क्रॅम्पॉन (बर्फासाठी बुटाला लावायचे काटे) तुला अजून वापरता येत नाहीत. जानेवारी २००९ मध्ये याच कोरीत हिमलोट येऊन तीन गिर्यारोहक गेले. ऑक्टोबरात तसं काही नसतं म्हणा, पण घळ तीच आहे.

धुक्यात सगळ्यात जास्त गडबड होते ती स्टॉब जेरगवरून परत येताना. चढताना वाट सोपी वाटते, उतरताना माथा पसरट दगडांचा आणि सगळीकडे सारखाच, आणि भलत्या बाजूला गेलीस तर खाली कडे आहेत. शिखरावर पोचल्या पोचल्या, फोटोच्या आधी, खिंडीची दिशा होकायंत्रावर लावून ठेव. कागदी नकाशा हवाच, फोनमध्ये ऑफलाइन नकाशा ठेव पण फोन एअरप्लेन मोडवर, आतल्या खिशात, अंगाशी, थंडीत बॅटरी बघता बघता उतरते आणि ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही.

खायला पोळीचे रोल ने, आत लसणाची चटणी आणि तूप, हातमोजे न काढता खाता येतात. चिक्की थंडीत दगड होते, माझी एक दाढ त्यातच गेलीय. कॉटनची जीन्स घालून गेलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

हवा चांगली मिळाली तर स्टॉब जेरगवर पूर्वेला तोंड करून बस जरा. खाली रानॉक मूर, शेकडो तळी चमकत असतात, आणि पार पलीकडे शिहॅलियन डोंगराचा शंकू. १७७४ मध्ये मॅस्केलाइन नावाचा खगोलशास्त्रज्ञ त्याच डोंगरावर तंबू ठोकून बसला होता, डोंगर ओळंब्याला किती ओढतो ते मोजून पृथ्वी किती जड आहे ते काढायला. त्याला पण हवा वाईटच मिळाली होती. आणि दरीत ढग आणि तू उन्हात असं झालं तर ढगावर पडलेली तुझीच सावली बघ, डोक्याभोवती गोल इंद्रधनुष्य दिसतं कधी कधी. मला इतक्या वर्षांत दोनदाच दिसलंय.

तुझ्यासाठी पार्सल टाकलंय, गुरुवारपर्यंत यायला हवं. ज्वारीच्या पिठाच्या पिशवीखाली हातमोज्यांची एक्स्ट्रा जोडी आहे, तिला इलॅस्टिकची दोरी मी स्वतः शिवलीय, मनगटात अडकव, लहान मुलांसारखं दिसेल, दिसू दे. एक शिट्टी आहे, मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा. आणि हेडटॉर्चच्या नव्या बॅटरी. जुन्या काढून टाक, त्या अजून चालतात असं म्हणत परत बॅगेत ठेवू नकोस.

तुझा दीडचा कागद अजून आलेला नाही.

मावशी