हॉस्पिटलचा मालक बदलतोय, जुन्या पेशंटच्या रेकॉर्डचं काय करायचं?

मिरजेतलं २० खाटांचं चालू हॉस्पिटल विकत घेताय आणि जुने केसपेपर, कॉम्प्युटरमधली माहिती कशी ताब्यात घ्यावी, असं तुम्ही विचारलंय.

करारनाम्यात यंत्रं, खाटा, एसीसुद्धा मोजून लिहितात आणि रेकॉर्ड राहून जातं. ताबा कुणाकडे, पेशंटला नक्कल कोण देणार, जुन्या डॉक्टरांना कोर्टाची नोटीस आली तर त्यांना कागद किती दिवसांत मिळणार, हे लिहूनच घ्या. शेवटचं कलम त्यांच्याही सोयीचं आहे, त्यामुळे ते सहसा अडत नाहीत.

खरा घोळ सॉफ्टवेअरमध्ये होतो. लायसन्स जुन्या मालकाच्या नावावर असतं. वर्गणी थांबली की लॉगिन बंद. बॅकअप म्हणून मिळते ती डेटाबेसची फाइल, आणि ती त्या सॉफ्टवेअरशिवाय सहसा कामाची नसते. म्हणून पैशांचा शेवटचा हप्ता देण्याआधी डिस्चार्ज कार्डं आणि रिपोर्ट पीडीएफमध्ये काढून घ्या. सोबत एक्सेल यादी हवी: नाव, मोबाईल, भरतीची तारीख, जुना नोंदणी क्रमांक. पेशंटच्या हातातल्या कार्डावर तोच जुना क्रमांक असतो, तेव्हा नवा दिलात तरी जुन्याचा रकाना पुसू नका. नावं जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये असतील तर यादीत निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतील; आधी युनिकोड करून घ्या, नाहीतर नावाने शोधताच येणार नाही. सीटी, एमआरआय डायकॉममध्येच (स्कॅनच्या मूळ फाइलच्या प्रकारात) घ्या. जेपीजीत मोजमाप आणि कॉन्ट्रास्ट बदलायची सोय जाते. मग वेगवेगळ्या वर्षांतले २०-२५ पेशंट निवडून दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उघडून बघा. ही तपासणी टाळू नका.

वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार भरती पेशंटचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायचे आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. गर्भपाताचं रजिस्टर गोपनीय. ते ५ वर्षं, कुलपात. पोलीस केसचे कागद निकाल लागेपर्यंत नष्ट करू नका. आणि रेकॉर्ड रूम तळमजल्यावर नको. २०१९ आणि २०२१ चा कृष्णेचा पूर आपण पाहिलाय.

सोनोग्राफीची नोंदणी तुमच्या नावावर होत नाही. जुनी परत करून नव्याने अर्ज करावा लागतो, पण आधी झालेल्या सोनोग्राफींचे भरलेले फॉर्म किमान २ वर्षं जपावेच लागतात.

हॉस्पिटलचा जुना फोन नंबर मात्र करारात मागून घ्या. जुन्या कार्डांवर तोच छापलेला आहे, पेशंट त्यावरच फोन करणार.