नदीची पातळी आणि बाबांचं ‘सगळं ठीक’

ताई,

मी परदेशात शिकते, पदव्युत्तरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझी झोपायची वेळ होते तेव्हा घरी सकाळ उजाडते. गेले पंधरा दिवस घराकडे पूर आहे. बाबा रोज फोनवर म्हणायचे, ‘सगळं ठीक आहे, तू अभ्यासाकडे लक्ष दे.’ एका रात्री शेजारच्या दादाने स्टेटसला व्हिडिओ टाकला. त्यात आमचा जिना दिसत होता आणि तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी. आई-बाबा दोन दिवसांपासून मावशीकडे राहत होते. मला कोणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून मी रात्रभर जागी असते. लॅपटॉपवर एक लाइव्ह चॅनेल, फोनवर दुसरं, मधेमधे घरचा ग्रुप. पहाटे डोळा लागतो आणि लेक्चर बुडतं. गेल्या आठवड्यात प्रेझेंटेशन चुकलं. गाइडची मेल येऊन पडलीय, उत्तर दिलेलं नाही. घरी यातलं काही बोलले नाहीये. रूममेट म्हणते, ‘फोन बंद कर, तू बघून पाणी उतरणार आहे का?’ तिचं बरोबर असेल, पण मला तिचा राग येतो. बंद केलं तर त्यांना वाऱ्यावर सोडल्यासारखं वाटतं. परत जाऊ का? इतक्या लांब येणं हाच स्वार्थीपणा होता का?

ता. क. शनिवारी वर्गातल्या एकीचा वाढदिवस होता. मी खूप हसले आणि रात्री स्वतःचीच लाज वाटली. येत्या शनिवारी सगळे डोंगरावर जाणार आहेत, मी नाही म्हणून टाकलंय.

— जागी

---

जागी,

तुझी झोप उडाली ती तो व्हिडिओ पाहिलास त्या रात्री. त्याआधीही पूर होताच, बातम्याही होत्या, तरी तू झोपत होतीस. बाबांच्या शब्दावर भरवसा होता. तो गेला आणि त्याच्या जागी चॅनेल येऊन बसलं. म्हणून रूममेटचा ‘फोन बंद कर’ हा सल्ला तुला पटत नाही. ती तुझ्याकडून उरलेला एकमेव खबऱ्या काढून घेतेय, असं तुला वाटतं. सल्ला वाईट नाही, पण अर्धा आहे. आधी दुसरा खबऱ्या उभा करायला हवा.

त्याची सुरुवात बाबांपासून. त्यांच्यावर चिडू नकोस. घरात पाणी शिरत असताना सामान वर चढवायचं, औषधं-कागदपत्रं शोधायची आणि त्यातच लांबच्या मुलीची समजूत काढायची, एवढं बळ प्रत्येकात नसतं. मग ‘ठीक आहे’ म्हणून फोन ठेवला जातो. पण असं लपवणं एकदा उघडं पडलं की पुढचं प्रत्येक ‘ठीक’ संशयाचं होतं. आज घरी खरंच सगळं धड असलं तरी तुला ते पटणार नाही. हे त्यांना सरळ सांग: ‘बाबा, तुम्ही लपवता म्हणून मी रात्रभर बातम्या बघत बसते. वाईट असलं तरी सांगा. कळलं की मी झोपेन.’

आणि हे बोलायच्या आधी स्वतःचं सांग. प्रेझेंटेशन चुकलं, लेक्चर बुडतायत, मेलला उत्तर दिलं नाही. तूही त्यांना रोज ‘सगळं ठीक’च सांगतेयस की! आईबाप लपवतात ते काळजीपोटी आणि मुलं लपवतात तो खोटेपणा, असं काही नसतं; दोन्हीकडे कारण एकच आहे. पहिला पत्ता तू उघडलास तर बाबांनाही मोकळं बोलता येईल. आईसमोर बोल. ठरलेलं मोडलं की आठवण करून देणारं कोणीतरी घरात लागतं.

आता चॅनेलकडे वळू. चोवीस तास दाखवत राहण्याइतकं नवं रोज घडत नाही. म्हणून तोच पूल, तीच होडी, ड्रोनवरून घेतलेलं तेच चित्र फिरून फिरून येतं आणि दर वेळी पोटात नव्याने गोळा येतो. शिवाय ते तुमच्या घराबद्दल नसतंच. ‘नदीने धोक्याची पातळी ओलांडली’ म्हणजे एका ठरलेल्या ठिकाणी, बहुधा पुलापाशी, लावलेल्या मोजपट्टीवर पाणी एका रेघेच्या वर गेलं. ती रेघ तुमच्या पहिल्या पायरीपासून किती वर की किती खाली, हे स्टुडिओतल्या माणसाला ठाऊक नसतं. धरणातून इतके हजार क्यूसेक विसर्ग, असं ऐकलं की धडकी भरते. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८ लिटर. पण ते सोडलेलं पाणी तुमच्याकडे किती तासांनी पोहोचणार आणि किती चढणार, हे धरणाचं अंतर, वाटेत मिळणाऱ्या नद्या आणि पात्राची रुंदी यांवर ठरतं. मोठा आकडा कानावर पडला म्हणून लगेच जिन्यात पाणी येत नाही. आणि लहान आकडा ऐकून निर्धास्तही राहता येत नाही.

याचा उलगडा करणारी माणसं तुझ्या घरात आहेत. नदीकाठी वर्षानुवर्षं राहिलेल्यांना हा हिशेब तोंडपाठ असतो. बाबांना विचार: पट्टीवर कितीला पाणी आपल्या गल्लीच्या तोंडाशी येतं? आणि कितीला पहिल्या पायरीला लागतं? हे दोन आकडे वहीत लिहून ठेव. पूर नियंत्रण कक्ष पातळी जाहीर करतो, ती दिवसातून दोनदा बघायची: सकाळी उठल्यावर आणि रात्री जेवणाआधी. चढतेय की उतरतेय, आपल्या आकड्यापासून किती लांब आहे, एवढं पाहून फोन खाली ठेवायचा. मिनिटभराचं काम आहे, आणि रात्रभराच्या लाइव्हमधून जे कळलं नसतं ते त्यातून कळतं. ग्रुपवरच्या व्हिडिओंबाबतही सावध राहा. ज्या मेसेजवर दुहेरी बाण दिसतो तो कितीतरी हातांतून फिरून आलेला असतो, मूळ कुणाचा आणि कधीचा याचा पत्ता नसतो. दर पुरात मागच्या पुराचे व्हिडिओ नव्याने फिरतात. शंका आली तर त्यातलं एक चित्र घेऊन इमेज सर्च करून बघ. बऱ्याचदा जुनी तारीख सापडते.

रात्रभर बघत राहण्याने नेमकं काय होतं, याचा एक अभ्यास सांगते. एप्रिल २०१३ मध्ये अमेरिकेत बॉस्टन मॅरेथॉनच्या वेळी बॉम्बस्फोट झाले. नंतरच्या दोन-चार आठवड्यांत संशोधकांनी ४,६७५ लोकांची पाहणी केली. ती २०१४ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा जास्त त्याच्याच बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं जास्त आढळली, आणि तीही प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी किंवा जवळ असलेल्यांपेक्षा! ज्याचा जीव आधीच टांगणीला लागलेला असतो तोच जास्त बघतो, असा मुद्दा यावर काढता येईल आणि तो मला मान्य आहे. पण तुझ्या बाबतीत ते चक्र दोन्ही बाजूंनी फिरतंय: घाबरतेस म्हणून बघतेस, बघतेस म्हणून घाबरतेस. आणि आई-बाबा तिकडे मावशीकडे बहुधा शांत झोपतात. विचारून बघ.

लांब असलेल्या माणसाला खरं तर एकच गोष्ट हवी असते. १८७० मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटलं तेव्हा रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने बासेलमध्ये एक कचेरी उघडली: जखमी आणि कैद झालेल्या सैनिकांची खबर घरच्यांना पोहोचवायला. २०१४ मध्ये फेसबुकने ‘सेफ्टी चेक’ आणलं, तेव्हाही काम तेच होतं. आपत्तीच्या भागातल्या माणसाने ‘मी सुरक्षित आहे’ एवढं कळवायचं. दीडशे वर्षांच्या दोन टोकांना लोकांनी मागितलं ते सारखंच. आपलं माणूस कुठे आहे आणि धड आहे का? लाइव्ह चॅनेल याचं उत्तर कधीच देणार नाही, म्हणून तुझं बघणं संपत नाही.

तेव्हा ही कचेरी तू चालव. चेष्टा करत नाहीये. आपत्तीच्या तयारीसाठी कुटुंबांना एक सल्ला आवर्जून दिला जातो: त्या भागाबाहेरचा एक माणूस आधीच ठरवून ठेवा आणि सगळ्यांनी त्याला कळवा. आतल्या भागात सगळे एकाच वेळी सगळ्यांना फोन लावत असतात, लाइन लागत नाही, वीज नसते, बॅटरी संपत आलेली असते. बाहेरच्याकडे वीजही असते आणि नेटही. तुमच्या घरात असा माणूस तूच आहेस. आई, बाबा, मावशी, शेजारचा दादा, आणखी जे कोणी असतील त्यांनी ठरलेल्या वेळी तुला एक ओळ पाठवायची: सगळे कुठे आहेत, पाणी कुठवर आलंय, काही हवंय का. तू ते एकत्र करून ग्रुपवर टाकायचं. मग चुलत-मावस भावंडांचे फोन बाबांना जायचे बंद होतील, त्यांचीही बॅटरी वाचेल. वेळ तुझ्या सकाळची ठरव, तेव्हा घरी संध्याकाळ असते. नेट नसेल तर साधा एसएमएस करायला सांग; गर्दीच्या नेटवर्कवर कॉल लागत नाही तिथेही तो पुष्कळदा पोहोचतो. आणि एक नियम घाल. जीवावरचं काही असेल तर रात्री कितीही वाजता फोन करायचा. तेवढ्या नंबरांचा आवाज चालू ठेव, बाकी सगळं म्यूट. फोन वाजला नाही तर काही घडलेलं नाही, असं धरून झोपायचं. पहिल्या दोन-तीन रात्री जमणार नाही. तरी लॅपटॉप खोलीबाहेर ठेव.

पाणी उतरल्यावर तर तुला कामच काम आहे. विमा असेल तर त्याची कागदपत्रं शोधणं, अर्ज भरणं, नुकसानीची यादी करणं, हे सगळं लांबून होतं आणि नेमकं तेच चिखल उपसणाऱ्या माणसांना सुचत नाही. एक गोष्ट आत्ताच सांगून ठेव: साफसफाईला हात लावण्याआधी प्रत्येक खोलीचे आणि भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचे फोटो काढा. घर धुऊन स्वच्छ केलं की पुरावाही धुतला जातो. आणि मेन स्विच कोणीही स्वतः चालू करायचा नाही, आधी वायरमनने बघायचं.

इकडचं काम छोटं आहे, पण आजचं आहे. गाइडला चार ओळींची मेल लिही: घराकडे पूर आहे, घरच्यांना घर सोडावं लागलं, त्यामुळे प्रेझेंटेशन चुकलं, नवी तारीख मिळेल का. लांबलचक माफी नको. उशीर झाला म्हणून लाजेने आणखी उशीर करणं हा विद्यार्थ्यांचा जुनाच रोग आहे. गाइड लोकांनी तो कितीदा पाहिलेला असतो. बहुतेक विद्यापीठांत अशा अडचणींसाठी मुदतवाढीचा किंवा परीक्षा पुढे ढकलण्याचा रीतसर अर्ज असतो, पण त्यालाही मुदत असते आणि ती दिवसांत मोजतात. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचार. समुपदेशक असतीलच, त्यांची वेळ घेऊन ठेव. पाणी उतरून घर लागल्यावरही झोप येत नसेल, किंवा सारखी धडधड होत असेल, तर मात्र जायचं टाळू नकोस.

रूममेटचा राग सोडून दे. तिला पूर माहीत नाही, तिला रात्री तीन वाजता पेटलेला स्क्रीन माहीत आहे. तिला जिन्याच्या पायरीचं सांग.

परत जाऊ का, असं विचारतेस. आत्ता नको. रस्ते बंद असताना पोहोचलीस तर त्यांच्या डोक्याला आणखी एक घोर. पुढच्या महिन्यात जायचं की नाही हे आई-बाबांना सरळ विचार: तिथे माझ्याच हाताने होईल असं काही काम आहे का? घर आवरायला माणूस हवं असेल, आईची तब्येत बिघडली असेल, तर सुट्टी लागताच जा. सत्राच्या मधेच जायची वेळ आली तर तिकीट काढण्याआधी विद्यापीठात विचार. शिक्षणात खंड पडला तर काही देशांत विद्यार्थी व्हिसा अडचणीत येतो. ‘तुला बघावंसं वाटतं’ असं उत्तर आलं तर व्हिडिओ कॉल करा, तिकिटाचे पैसे घराच्या डागडुजीला लागतील. स्वार्थीपणाचं म्हणशील तर, तू घरी असतीस तरी पाणी तिसऱ्या पायरीपर्यंतच आलं असतं. तुला लांब पाठवताना आई-बाबांनीही काहीतरी ठरवलं होतं. तो सगळा निर्णय तू एकटीच्या नावावर लावून घेऊ नकोस.

राहिला शनिवार. वाढदिवसाला हसलीस यात कोणाचं काही कमी झालं नाही, आणि घरी सांगितलंस तर आईला तेवढंच बरं वाटेल. डोंगरावर जा. सकाळचा निरोप घेऊन नीघ, वर रेंज नसेल तर संध्याकाळपर्यंतचा कारभार मावस भावंडांपैकी एकाकडे सोपव. मैत्रिणींना आजच कळव, गाडीतल्या जागा भरायच्या आत.

— ताई